एकाहत्तर नंबरचा बिल्ला

मी बंदराच्या तोंडाशी बसलेला जुना किल्ला बोलतोय. बसून बसून पाठ धरली आहे, पण कान अजून शाबूत आहेत.

काळा दगड फोडून मला बांधलं. ज्यांच्यापासून बंदर राखायचं होतं, ती माणसं गेली आणि त्यांची भांडणंही. मग नौदल आलं. दारूच्या कोठारात दोरखंड आले, तोफांवर धुतलेले गणवेश वाळू लागले. खरं सांगू? मला ते फार आवडलं.

माझ्या दरवाजाजवळच्या भिंतीत खिळ्यांच्या रांगा आहेत. समुद्रावर जाताना प्रत्येकाने आपला पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचा आणि परत आल्यावर स्वतःच्या हाताने काढायचा. भिंत रिकामी झाली की समजायचं, सगळे सुखरूप आले.

एकदा एक आचारी बोटीवरून उतरला तोच कळलं, बायकोला दवाखान्यात नेलंय. गडी जो धूम पळाला, बिल्ला तसाच! संध्याकाळी एकाहत्तर नंबर खिळ्यावर बघून पहारेकऱ्याला वाटलं, गडी बुडाला. भोंगे वाजले, बोटी सुटल्या, अख्खं बंदर पालथं घातलं. आणि हे महाशय दवाखान्यात नुकती जन्मलेली लेक मांडीवर घेऊन बसलेले!

दुसऱ्या दिवशी तो ओशाळून बिल्ला काढायला आला, तर पहारेकरी खवळला. "हात लावायचा नाही! तुला नवा देतो. हा इथेच राहील. नोकरी सोडशील त्या दिवशी काढ, म्हणजे जन्मभर लक्षात राहील."

निवृत्तीच्या दिवशी आचारी आला खरा, पण नुसतं बिल्ल्यावरून बोट फिरवून म्हणाला, "राहू दे रे. मी आलो नाही म्हणून तू किती घाबरला होतास!" दोघंही हसले. डोळे पुसायला मात्र दोघांनी तोंडं फिरवली.

आता नौदल नव्या बंदरात चाललंय. उरलंसुरलं पितळ भंगारात जाणार. काल तोच पहारेकरी, आता पार पिकलेला, पोतं घेऊन भिंतीपाशी उभा होता. तेवढ्यात आचाऱ्याची लेक आली.

"काका, मागच्या महिन्यात बाबा गेले. त्यांचा बिल्ला भंगारात नका देऊ. मी न्यायला आलेय."

"ने गं बाळ," तो म्हणाला. "तसा नियमाने ज्याचा त्यानेच काढायचा. या भिंतीला विचारशील, तर तुझा बाप अजून समुद्रावरच आहे बघ."

तिचा उचललेला हात तसाच राहिला. मग तिने रुमालाने बिल्ला लख्ख पुसला.

"मग असू दे, काका. येतील ते."

पहारेकऱ्याने पोत्याचं तोंड बांधून टाकलं. माझ्या दगडांना इतकं भरून कधी आलं नव्हतं.

उद्या तुम्ही मला बघायला याल. खुशाल फोटो काढा, तोफांवर बसा, भिंतींवर नावं कोरलीत तरी पोटात घालीन. तेवढ्या एका बिल्ल्याला मात्र हात लावू नका. माझा एक माणूस अजून यायचा आहे.