थरथर माझी होती

मी एक जुनी गाडी बोलतोय. बोलतोय, बोलतेय नाही. जात गाडीची असली तरी मालकाने पहिल्याच दिवशी माझं नाव ‘बुवा’ ठेवलं, तेव्हापासून मी पुरुषासारखाच बोलतो. कोणाला खटकत असेल तर त्याने कान झाकावेत. मला बोलायची हौस नव्हती. गॅरेजच्या भिंतीला टेकून गप्प उभा होतो. पण येणारा-जाणारा बॉनेटवर थाप मारतो आणि म्हणतो, “काय रे म्हाताऱ्या, काय काय बघितलंस?” विचारलंच आहे तर ऐका. आणि मधे बोलू नका.

जन्म कारखान्यातला. एकाने दार बसवलं, दुसऱ्याने काच, तिसऱ्याने रंग मारला आणि बाहेर ढकललं. आईबाप म्हणून कोणाचं नाव सांगू? अंगात एकच गुण, जोर चारही चाकांना. बाकीच्या गाड्या चिखलात बूड टेकतात तिथून मी वर चढतो. पहिली काही वर्षं एका साहेबाकडे गेली. तो मागे बसून पेपर वाचायचा. मी मेलो असतो तर त्याला पुढच्या पानावर गेल्यावर कळलं असतं. मग त्याने मला काढून टाकलं आणि मालकाने घेतलं.

मालक म्हणजे अस्सल ड्रायव्हर. डोंगरावरच्या वस्तीतून खाली बाजारात माणसं, पोती, शेळ्या, सगळं नेलं आम्ही. अडलेली बाई नेली, तिचं बाळ माझ्या मागच्या सीटवर जन्मलं. चढताना मालक गप्प असायचा, उतरताना बोलायचा. “हळू बुवा, कोणी मागे लागलं नाही.”

वय झालं तसा धंदा सुटला. एक फेरी मात्र सुटली नाही. मालकाची थोरली बहीण, आक्का, वर एकटी राहते. दर आठवड्याला तिच्याकडे किराणा, औषधं आणि एक ताजं भांडण घेऊन आम्ही जायचो.

“तुझ्यापेक्षा तुझी गाडी बरी,” आक्का म्हणायची. “निदान दाबल्याशिवाय ओरडत नाही.”

“मग तिलाच वाढ.”

“वाढलं असतं. ती नावं तरी ठेवत नाही.”

परत येताना मालक खुशीत असायचा. त्या फेरीसाठीच तो आठवडाभर जगायचा, हे मला कळत होतं. घरात कोणाला कळत होतं की नाही, कोणास ठाऊक.

आता मालकाचा मुलगा. लहानपणी पाना उशाशी घेऊन झोपायचा, म्हणून त्याला सगळे पान्या म्हणतात. हे गॅरेज त्याचंच. हात चांगला, पण अंगात घाई. माझ्या पुढच्या ब्रेकच्या तबकड्या झिजल्या तेव्हा त्याने नव्या घातल्या. चाकाबरोबर फिरणारी ती लोखंडी तबकडी, ब्रेक दाबला की पॅड तिला चिमटीत धरतात. ती बसते तिथला गंज आधी घासून काढायचा असतो. चाकाचे नट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळायचे असतात. पान्याने गंज फुंकरीने उडवला आणि हवेच्या मशीनने घर्र घर्र करत नट एकापाठोपाठ एक गोल आवळून टाकले. बाहेर दोन गाड्या थांबल्या होत्या ना! उजवी तबकडी केसभर तिरकी बसली.

केसभर तिरकं चटकन कळत नाही. तबकडी फिरत राहिली, एका अंगाला झिजत राहिली. पुढे पुढे असं झालं की उतारावर ब्रेक तापले की स्टिअरिंग थडथड हलायचं. मालकाने घरी येऊन सांगितलं, “अरे, ब्रेक मारला की बुवा थरथरतो.”

पान्या मला घेऊन निघाला. कुठे? गॅरेजच्या गल्लीत. कोपऱ्यापर्यंत गेला, वळला, आला. ब्रेक गार, रस्ता सपाट, वेग बैलगाडीचा. कशाला थरथरेन मी?

“काही नाही बाबा, लोण्यासारखी चालते.”

“इथे नाही रे. उतारावर, तापल्यावर.”

“बाबा, तबकड्या मी स्वतः घातल्यात.”

“मी कुठे म्हणतो तू नाही घातल्यास? एकदा वर तर चल माझ्याबरोबर.”

तेवढ्यात सुनेने चहा आणला. मालकाने कप धरला आणि थोडा चहा बशीत सांडला. वयाने कप धरताना हात हलायचा, खोटं कशाला बोलू. स्टिअरिंगवर नाही हलायचा. त्या हातांना माझ्याइतकं कोण ओळखतं?

पान्याने बशीकडे बघितलं. हसला. “नाचता येईना अंगण वाकडं, बाबा. गाडी नाही थरथरत. तुमचे हात थरथरतात.”

सूनही हसली नाही. मालकाने कप खाली ठेवला. पान्याने चावी खिळ्यावरून काढली आणि स्वतःच्या खिशात टाकली. “आक्काकडे मी नेईन तुम्हाला. रविवारी.”

तो रविवार आलाच नाही. गॅरेज म्हटलं की रविवारी काम जास्त.

मालक अंगणात येऊन माझ्यात बसायचा. स्टिअरिंग धरायचा आणि हातांकडे बघत राहायचा. माझ्या काळजाला, म्हणजे जे काय लोखंड तिथे असेल त्याला, पीळ पडायचा. कारण त्याने ते खरं मानलं होतं. स्वतःच्या हातांवर संशय घेतला होता. आक्काचा फोन यायचा, “येतोस कधी रे? की रुसलास?” तो म्हणायचा, “गाडी बिघडली आहे, आक्का.” बहिणीसमोर लाज वाटायची म्हणून थाप मारायचा बिचारा. आणि ती थाप नव्हतीच. खरं बोलत होता तो, फक्त त्याला माहीत नव्हतं.

असाच गेला तो. बहिणीला न भेटता.

मग पान्या मला घेऊन वर गेला, आक्काला आणायला. उतरताना पहिल्या वळणावर मी गप्प होतो. दुसऱ्यावर ब्रेक तापले. तिसऱ्यावर स्टिअरिंग त्याच्या हातात असं थडथडलं की त्याने दोन्ही मुठी आवळल्या.

आक्का रडत होती. तिने डोळे पुसले आणि बघितलं.

“हे काय रे? तुझेही हात थरथरतात?”

पान्याने ब्रेक सोडला, थडथड थांबली. पुन्हा दाबला, पुन्हा सुरू.

सगळं उरकल्यावर त्याने मला उचलून चाक काढलं. एक नट पाना लावून वर अंगाचा भार टाकला तेव्हा सुटला, शेजारचा नुसत्या हाताने. तबकडीला काट्याचं मीटर लावून फिरवली, काटा इकडून तिकडे नाचला. तबकडी काढली, तर मागे गंजाची खपली. ती बोटावर घेऊन तो स्टुलावर बसून राहिला. सून दारात आली. “काय होतं हो?”

“काही नाही. किरकोळ.”

आक्कानेही निघताना विचारलं. तिलाही तेच, “किरकोळ.”

नवी तबकडी घातली. या वेळी गंज घासला, नट समोरासमोरचे आवळले, हाताने. कामात आता खोट काढायला जागा नाही. मग काचेवर ‘विकणे आहे’ लिहिलं. गिऱ्हाईक आलं की सांगतो, “ब्रेक एकदम खणखणीत.” माझ्याकडे बघत मात्र नाही.

मी उद्या कोणाच्या तरी दारात जाईन. त्याचं दुःख नाही, लोखंडाला दार कुठलंही चालतं. मालकाच्या हक्काची माफी मालकाला मिळाली नाही, ती घ्यायला आता मीच उरलोय. त्या सीटवर बसून, स्टिअरिंगला हात लावून एकदा मोठ्याने म्हणायचं, “बाबा, थरथर तुमच्या हातांची नव्हती.” एवढंच. आक्काला ऐकू गेलं तर फारच चांगलं. आणि हे म्हणायचं कोणी, ते विचारू नका. गिऱ्हाइकाने नाही, सुनेने नाही. पान्याने.