बोटांना लोखंडाचा वास

मी डबल बेस बोलतोय. हळूच बोलतोय, कारण या लंडनमध्ये कोण कान लावून बसलंय ते सांगता येत नाही.

मी माणसापेक्षा उंच, खर्जात बोलणारं लाकडी वाद्य. अंगावर चार तारा, मेंढीच्या आतड्याच्या. डेस्मंड हार्टनॉल मला मिठीत घेऊन वाजवायचा, तेही अस्सल जॅझ. सोहोतल्या तळघरातल्या क्लबात लोक डोळे मिटून ऐकायचे. माझ्या खांद्यावर बिअरचा ग्लास टेकवणारे मात्र मला कधीच आवडले नाहीत.

एकोणीसशे बासष्ट साली आमच्या बँडमध्ये विल्फ गॅरड आला. दिवसा कोळशाची पोती वाहायची आणि संध्याकाळी माऊथ ऑर्गनवर ब्लूज वाजवायचे. नखांत कायम काळं. मला तेव्हाच संशय आला.

"सारखं तेच रडगाणं काय!" डेस्मंड म्हणाला.

"रडून तर बघ एकदा," विल्फ हसला. "तुम्ही जॅझवाले रडतानासुद्धा टाय सरळ करता."

मग गिटार आली आणि तिच्याबरोबर विजेची पेटी, अॅम्प्लिफायर. ती नुसती चालू केली तरी गुणगुणायची. माझ्याविरुद्ध कुजबुजतेय असंच मला वाटे. तिच्यापुढे माझा आवाज बुडायला लागला. हे कारस्थान विल्फचंच, अशी माझी खात्री झाली.

पुढे डेस्मंडच्या बोटांना लोखंडाचा वास येऊ लागला. टोकांवर बारीक चरे. माझ्या तारांनी असे चरे पडत नाहीत. तो कुठेतरी दुसरंच काही वाजवत होता, आणि मला पुसताना नजर चुकवत होता.

एका रविवारी विल्फ घरी चहाला आला. "उद्या म्हातारबांना आणतोयस ना?" त्याने माझ्याकडे मान वळवून विचारलं.

"नाही. मी विजेवरची, लोखंडी तारांची बेस गिटार घेतलीय. याचा आवाज मागच्या रांगेत पोचत नाही."

"मग त्या पेटीचा आवाज कमी कर की, शहाण्या! हा खालून सूर धरतो म्हणून माझं गाणं उभं राहतं."

डेस्मंडने चहा ढवळला. "विकून टाकायचा म्हणतोय."

"विकतोस कशाला? मला दे."

इतके दिवस मी काळ्या नखांवर डोळा ठेवून होतो, आणि दगा दिला तो मला मिठीत घेणाऱ्याने. फार लागलं ते मला.

आता मी विल्फच्या जिन्याखाली उभा असतो. त्याला मला धड वाजवता येत नाही. तो एक तार छेडतो, ती घुमून विरेपर्यंत थांबतो आणि मग माऊथ ऑर्गन तोंडाला लावतो. ब्लूज तसे वाईट नसतात, एवढं कबूल करतो.

वाचकहो, कुणाला मला वाजवता येत असेल तर जरूर या. पण हात लावण्याआधी खरं सांगा, घरी आणखी कोण आहे?