घाटाआधी लागलेला दिवा

मी भूपाल अण्णांच्या गाडीतला पिवळा दिवा बोलतोय. स्टिअरिंगमागच्या काचेत कढईसारखं चित्र आणि त्याच्या पोटात उद्गारचिन्ह दिसतं ना, तो मीच. चाकातली हवा कमी झाली की पेटायचं, एवढंच माझं काम. तेवढंही मला धड जमलं नाही.

हवा मला दिसत नाही हो. चाकातला सेन्सर सांगेल तेच मी मालकाला सांगतो. मागच्या डाव्या चाकातला सेन्सर बिघडला आणि मी आठवड्यातून दोनदा उगीचच पेटायला लागलो. अण्णा दर वेळी पंक्चरवाल्या भरमूकडं जायचे. भरमू मीटर लावून हसायचा, "अण्णा, हवा बरोबर हाय की! ह्यो दिवा येडा झालाय." एकदा शोरूमला दाखवायला हवं, असं अण्णा म्हणायचे. ऊस जाऊ दे, मग बघू, असं करत ते राहूनच गेलं.

त्यांच्या बायकोला, प्रेमलाआक्कांना, मात्र माझं भारी कौतुक. निघताना कुणी शिंकलं की दोन मिनिटं टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं, मगच उंबरा ओलांडायचा, ही त्यांची रीत. मी पेटलो की त्यांना ती शिंकच वाटायची. "उगंच न्हाई लागत त्यो," म्हणत त्या अण्णांना थांबायला लावायच्या. इतका विश्वास कुणी टाकला की दिवासुद्धा फुशारतो. मीही फुशारलो.

परवाच्या थंडीत एका सकाळी आक्कांच्या छातीत कळ आली. संकेश्वरच्या डॉक्टरांनी गोळी दिली आणि बजावलं, "बेळगावला न्या. वाटेत कुठं थांबू नका." अण्णांनी गाडी सुसाट सोडली. आणि वंटमुरी घाटाच्या अलीकडं मी पेटलो. जळलं माझं तोंड!

"पेटंना का! आज थांबायचं न्हाई," अण्णा म्हणाले.

आक्कांनी घामेजल्या हातानं त्यांची बाही धरली. "अवो, फुडं घाट हाय. माझं ऱ्हाऊ दे, तुमास्नी काय झालं तर? बघून घ्या."

अण्णांनी गाडी थांबवली. ढाब्याशेजारचा पंक्चरवाला हातातला चहा ठेवून आला, त्यानं चारी चाकं तपासली. हवा बरोबर होती. पंधरा मिनिटं गेली. अण्णा परत येऊन बसले तेव्हा आक्कांची मान खिडकीकडं कलली होती. बेळगावात डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

महिन्यानं लेक रूपालीनं गाडी शोरूमला नेली. अण्णा बाकावर बसून होते. मिस्त्री हात पुसत म्हणाला, "धा मिनिटांचं काम हुतं, अण्णा. आधीच आणायची न्हाई का?"

रूपालीनं तोंड फिरवलं.

आता मी खोटा पेटत नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला अण्णा सांगतात, "माझीच चूक. टाळत ऱ्हायलो, आणि नको तिथं थांबलो." मला एक शब्द बोलत नाहीत. उलट रोज सकाळी फडक्यानं माझ्यावरची काच पुसतात.

अण्णा, पाया पडतो, एकदा तरी शिव्या घाला मला! हातोडा घ्या, फोडा ही काच. आक्का गेल्या त्या माझ्यामुळं, तुमच्यामुळं नव्हे.