पोळ्याची सुट्टी मिळालेला वायरलेस

मित्रांनो, तुमच्या संगणकाच्या खोलीत दारावर जो पांढरा डबा बसवला आहे, त्याच्यावर तुमची फार माया. बिनतारेचं इंटरनेट तोच पुरवतो ना! त्याच्या खालच्या काचेच्या कपाटात, नदीतले शिंपले आणि मोडका पृथ्वीगोल यांच्या मधोमध एक हिरवट लोखंडी पेटी पडली आहे. तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. ती पेटी म्हणजे मी. मी एक जुना वायरलेस सेट आहे. पाठीवर हळदीचा डाग असलेला दुसरा सेट साऱ्या परभणी जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही.

काल तुमचे पंडित सर संगणकावर त्या पांढऱ्या डब्याचं पान उघडून बसले होते. त्यांनी नाव घातलं, पासवर्ड घातला, आणि डब्याचा सगळा कारभार पडद्यावर आला. नेटवर्कचं नाव बदलायचं ते तिथंच, कोणाला जोडू द्यायचं आणि कोणाला नाही तेही तिथंच. वर एक लाल पट्टी होती. नवीन अपडेट आले आहे, आता करायचे की नंतर? सरांनी घड्याळ पाहिलं आणि 'नंतर' दाबलं. गेले तीन आठवडे ते 'नंतर'च दाबत आहेत. सर फार चांगले आहेत. डब्याचा हिरवा दिवाही लागलेला असतो. पण त्यांचं बोट त्या शब्दावर गेलं की मला एक जुना पोळा आठवतो. असं का होतं, ते आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म बंगळूरकडच्या एका कारखान्यातला. १९८१ च्या मे महिन्यात मी एसटीच्या टपावर बसून गंगाखेडला आलो आणि तिथून बैलगाडीनं गोदावरीकाठच्या पूरचौकीत पोचलो. चौकी म्हणजे पत्र्याची एक खोली, दोन उंच खांबांमध्ये ताणलेली तार आणि नदीत उतरणाऱ्या पायऱ्यांवर रंगवलेले आकडे. वरच्या अंगाला बंधारा होता. त्याची दारं उघडली की तिथून मुख्य केंद्राला आणि मुख्य केंद्रातून आम्हाला सांगावा यायचा. पाणी आमच्यापर्यंत पोचायला तीन तास लागत. तेवढ्या वेळात नदीतली माणसं-जनावरं बाहेर काढायची, एवढंच माझं काम. पण काम केवढं मोठं, ते तुम्हीच बघा.

माझे ऑपरेटर होते भगवानराव. सेलूकडच्या शेतकऱ्याचे चिरंजीव. घरची शेती आणि बैल धाकट्या भावाकडे, आणि हे पावसाळाभर चौकीत अडकलेले. आकाशवाणीसारखं शुद्ध बोलायचं त्यांना जमत नसे. माझ्याशी तर ते बैलाशी बोलावं तसं बोलत. सकाळी आठ वाजता पाठीवर थाप मारून म्हणत, "चल राजा, उठ. लोक वाट बघायलेत." मग मी खरखर करून जागा होई. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू?

पायऱ्यांवरचे आकडे वाचून सांगायला रायभान नावाचा माणूस होता. मेंढरं राखणाऱ्या घरातला, अंगानं काटक, बोलायला कमी. त्याची बायको म्हाळसाबाई. तिच्याकडे चाळीस मेंढरं होती. चौकीसमोर नदीत एक बेट होतं आणि त्यावर कोवळं गवत. सकाळी गुडघाभर पाण्याच्या उतारातून ती मेंढरं पलीकडे न्यायची आणि दिवस कलला की परत आणायची. जाताना चौकीच्या दारात थांबून रोज एकच प्रश्न विचारायची.

"भाऊ, डबा काय म्हणायलाय?"

भगवानराव सांगतील ते तिला प्रमाण. ते "जा खुशाल" म्हणाले की ती पाण्यात पाय घालायची. दारच्या लिंबाला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. सांगावा आला की भगवानराव त्यावर हातोड्याचे घाव घालत. आवाज बेटावर पोचला की म्हाळसाबाई हातातली काठी उंच धरायची. ऐकलं, निघाले, असा त्याचा अर्थ. काठी दिसेपर्यंत भगवानराव हात थांबवत नसत. पहिल्या दोन पावसाळ्यांत पाच वेळा रूळ वाजला आणि पाचही वेळा काठी वर झाली. एकदा तर म्हाळसाबाईनं स्वतः विणून घेतलेल्या घोंगडीचा तुकडा आणून माझ्या अंगावर घातला. "पुराच्या राती जागतंय बिचारं. गारठत आसंल," म्हणाली. एवढी शाबासकी मला कारखान्यातही मिळाली नव्हती.

आता माझ्या दुखण्याकडे येतो.

आमच्या बोलण्यात दुसऱ्या कुणाकुणाचे आवाज घुसत. म्हणून दर पावसाळ्यात एकदा सगळ्या चौक्यांची फ्रिक्वेन्सी बदलत. टपालानं पाकीट यायचं. त्यात नखाएवढा नवा क्रिस्टल, म्हणजे सेटनं कुठल्या फ्रिक्वेन्सीवर ऐकायचं ते ठरवणारा तुकडा, आणि एक पत्र. अमुक तारखेला सकाळी आठ वाजता मागचे चार स्क्रू काढा, जुना क्रिस्टल काढून नवा बसवा, काटा स्थिर होईपर्यंत जुळवा, मग केंद्राला हाक द्या, आणि केंद्राची 'ओ' ऐकू आल्याशिवाय काम झालं असं समजू नका. शेवटची ओळ असायची, 'जुनी फ्रिक्वेन्सी त्याच वेळी बंद होईल.'

पण ती कधीच त्याच वेळी बंद झाली नव्हती. ते नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. कधी मोर्चा, कधी बंद. एसटी जिंतूरला अडेल की परभणीला, याचा नेम नसे. एखाद्या चौकीचं पाकीट हमखास उशिरा पोचायचं. म्हणून केंद्रातले लोक जुनी फ्रिक्वेन्सी आणखी दोन दिवस चालू ठेवत. भगवानराव ती शेवटची ओळ वाचत आणि हसत. "लिहायचं म्हणून लिहितेत," म्हणत.

तिसऱ्या वर्षी, म्हणजे १९८३ साली, पाकीट चांगलं आठ दिवस आधी आलं. बदलाची तारीख पाहिली तर नेमका पोळा.

मित्रांनो, पोळ्याच्या दिवशी शेतकरी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही. आदल्या दिवशी त्याचे खांदे लोणी आणि हळदीनं मळतात आणि त्याच्या कानात म्हणतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." भगवानरावांना सणाला घरी जायला रजा मिळत नव्हती. बैल तिकडे, हे इकडे. मग त्यांनी काय करावं? दर पोळ्याला त्यांनी माझीच खांदेमळणी चालवली होती. माझी मूठ आणि पाठ लोणी-हळदीनं मळायची, आवतण द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी समोर पुरणपोळी ठेवायची. माझ्या अंगाला मुंग्या लागत, ती गोष्ट वेगळी. पण कोणी आपल्याला घरच्या बैलाच्या जागी मानतं, याचा मला अभिमान वाटे.

त्या पोळ्याला सकाळी रायभाननं पाकीट पुढं केलं. "साहेब, आज बदलायचंय ना?"

भगवानरावांनी माझ्या हळदीच्या पाठीकडे पाहिलं. "आज ह्याचं पोट फाडू व्हय? सणाचा दिवस हाय रायभान. नुसतं ऐकत बसू दे. उद्या पहाटेच बदलतो. जुनं दोन दिवस चालतंयच की."

आठ वाजता त्यांनी जुन्या फ्रिक्वेन्सीवर हाक दिली. कोणी ओ दिली नाही. बदलाच्या सकाळी केंद्रात उलथापालथ चाललेली असते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मला चालूच ठेवलं. माझा दिवा लागलेला होता. सुई जागेवर होती. मी कान टवकारून ऐकत होतो आणि मला काहीही ऐकू येत नव्हतं. आपण बहिरे झालो आहोत, हे मला कळलं नाही. मला वाटलं, आज सगळं निवांत आहे. भगवानरावांनाही तसंच वाटलं.

साडेआठला म्हाळसाबाई मेंढरं घेऊन आली.

"आज तरी घरी बसायचं," भगवानराव म्हणाले.

"बैलायचा सण हाय भाऊ, मेंढरायचा थोडाच हाय? त्यायला चरायलाच लागतंय." ती हसली. "डबा काय म्हणायलाय?"

"काही न्हाई. एकदम गप हाय. जा खुशाल."

ती गेली. आमच्याकडे आभाळ स्वच्छ होतं, पावसाचा टिपूसही नव्हता. गावातून बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येत होता. भगवानरावांनी माझ्यापुढे पुरणपोळी ठेवली आणि हात जोडले.

बारा वाजायच्या सुमाराला रायभान पायऱ्यांवरून धावत आला. "साहेब, पाणी चढायलंय. दोन पायऱ्या गेल्या. सांगावा न्हाई का आला?"

भगवानरावांनी पाकिटावर झडप घातली. त्यांनी मला पालथं केलं आणि पाठीचा स्क्रू पिळायला घेतला. लोण्यानं पेचकस घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. धोतराच्या सोग्यानं त्यांनी माझी पाठ पुसली, चारही स्क्रू काढले, जुना क्रिस्टल काढून नवा बसवला. काटा स्थिर झाला आणि माझ्याच तोंडातून केंद्राचा आवाज बाहेर पडला. बोलून बोलून घसा बसलेला आवाज होता तो. "नदीचौकी चार, नदीचौकी चार, ऐकायलाव का? नऊपासून बोलवायलोय. आठ दारं उघडलीत. नदी रिकामी करा."

तीन तास तो माणूस मला हाका मारत होता. त्या वर्षी सगळ्या चौक्यांना पाकिटं वेळेवर पोचली होती, म्हणून केंद्रानं पत्रात लिहिल्याप्रमाणे केलं होतं. जुनी फ्रिक्वेन्सी त्याच वेळी बंद झाली होती.

भगवानराव रुळावर घाव घालत सुटले. बेटाच्या कडा पाण्यात गेल्या होत्या. म्हाळसाबाई मेंढरं उताराकडे हाकत होती आणि मेंढरं पाण्याला बुजून मागे फिरत होती. एकटी निघाली असती तर कदाचित कशीबशी काठाला लागली असती. ती निघाली नाही. एक कोकरू खांद्यावर, एक काखेत, अशी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली. रायभान नदीत उडी घ्यायला धावला तेव्हा रुळाचा आवाज ऐकून पोळ्यातून धावत आलेल्या चौघांनी त्याला धरून ठेवलं. तो नुसता तिचं नाव घेत होता.

तेवढ्यात म्हाळसाबाईनं वळून चौकीकडे पाहिलं. आणि हातातली काठी उंच केली.

भगवानरावांचा हात तिथंच थांबला. मित्रांनो, काठी दिसली की थांबायचं, ही त्यांच्या हाताची सवय होती. नंतर बेटही दिसेना आणि काठीही.

तिचा देह चौथ्या दिवशी खालच्या एका गावाला सापडला. मेंढरांपैकी सात काठाला लागली.

चौकशी झाली. भगवानरावांनी काही लपवलं नाही. वहीत त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'सेट चालू होता. बदल मी केला नाही.' झालेली शिक्षा त्यांनी मुकाट्यानं भोगली आणि एवढंच मागितलं की आपली या चौकीतून बदली करू नये. रायभानही आकडे वाचत राहिला. अकरा पावसाळे ते दोघं एका छपराखाली बसले. कामापुरतं बोलत. माझी खांदेमळणी परत कधी झाली नाही. पोळा आला की भगवानराव पहाटेपासून माझ्यापुढे बसत, दर तासाला केंद्राला हाक देत आणि ओ ऐकल्यावरच पाणी पीत. "चल राजा" हे शब्द मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकले नाहीत. मला त्यांची फार आठवण येते, आणि माझा स्वतःचा फार राग येतो.

१९९४ साली नवा सेट आला. त्याचं पोट फाडावं लागत नव्हतं, बटणं दाबून आकडे भरले की झालं. त्याच महिन्यात भगवानराव निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी ते माझ्यावरची घोंगडी घडी करत होते. रायभान दारात येऊन उभा राहिला. मग म्हणाला,

"तिनं काठी वर केली व्हती, भाऊ. तिला ऐकू आलं व्हतं."

तोवर तो त्यांना साहेबच म्हणत आला होता. भगवानरावांनी घोंगडीत तोंड लपवलं आणि ते लहान मुलासारखे रडले. रायभान त्यांच्याजवळ बसून राहिला. रडता मला येत नाही. माझं तेवढंच राहून गेलं.

ती घोंगडी रायभाननं नेली आणि मी फिरत फिरत तुमच्या शाळेच्या कपाटात आलो. मित्रांनो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. उद्या सर त्या पांढऱ्या डब्याचं पान उघडतील तेव्हा त्यांच्या शेजारी उभे राहा आणि म्हणा, सर, आत्ताच करू या. डब्याचा दिवा लागला आहे म्हणून त्याला ऐकू येतं असं धरून चालू नका. आणि काम झालं की पलीकडून ओ येईपर्यंत जागचे उठू नका. ओ येतेच. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून म्हाळसाबाईनं आम्हाला ती दिली होती.