शेंदराखालची चीर

मी एक जुना लोखंडी दांडा आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिले नसेल, कारण मी शर्यतीच्या गाडीच्या पोटाखाली राहतो. दोन नळ्या आणि मध्ये आडव्या पट्ट्या, असा माझा शिडीसारखा आकार; म्हणून मला लॅडर बार म्हणतात. माझे एक टोक मागच्या आसाला, दुसरे गाडीच्या सांगाड्याला. चाकांचा जोर गाडीपर्यंत पोचवायचा, एवढेच माझे काम. त्याचे मला सुख नाही, दुःखही नाही.

माझा जन्म दक्षिण गोलार्धातल्या एका बेटावर, पोरिरुआ गावातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. त्या काळी सरळ पट्टीवर सुसाट सुटणाऱ्या गाड्यांना मागे पाट्यांच्या स्प्रिंगा असत. सुटताना जोर आला की त्या पिळवटत आणि मागची चाके बेडकासारखी उड्या मारत. त्यावर उपाय म्हणून ग्रॅहम नावाच्या वेल्डरने मला आणि माझ्या जोडीदाराला घडवले. पहिल्याच वेळी गाडी धुरातून सरळ निघाली. "स्वीट अ‍ॅज!" म्हणजे 'एकदम झकास', असे म्हणत त्याने माझ्यावर थाप मारली. पुढे चार दांड्यांची नवी रचना आली. तिच्यात बोल्टाचे भोक बदलून दांड्यांचा हवा तो कोन साधता येई. आम्ही मागे पडलो. गाडीवर ताडपत्री आली, ताडपत्रीवर कोंबड्या बसू लागल्या. मला काही वाटले नाही.

मग पुण्याहून इथे आलेल्या दीनानाथकाकांनी ती गाडी त्याच बेटावरच्या पापाकुराला आणली. ते इंजिनियर. जुनी रचना तशीच ठेवायची आणि गाडी लेकीने, इरावतीने चालवायची, असा बेत ठरला. काकांना कीर्तनाचे भारी वेड. गॅरेजमध्ये मोबाइलवर कीर्तन लागे आणि काका पान्याने आम्हा दोघांवर ताल धरत. एकदा बुवा म्हणाले, "भार वाहणारा बोलत नाही, बाबांनो!" काकांचे डोळे भरले. इथे ऋतू उलटे, म्हणून दसरा वसंतात येतो; शर्यतींचा हंगामही तेव्हाच. त्या दसऱ्याला काकांनी मला तेलातला शेंदूर फासला. "हा आपला मारुती!" दरवर्षी नवा थर चढला. जुना कोणी खरवडला नाही.

यंदा शर्यतीच्या आदल्या दिवशी काकांनी ताल धरला. जोडीदार ठणठणला. मी बद्द वाजलो.

"शेंदूर जाड झालाय," काका म्हणाले.

आशालताकाकू चहा घेऊन आल्या होत्या. त्या हॉस्पिटलात नर्स. "अहो, पेशंटच्या छातीवर ठोकल्यावर असा आवाज आला, तर मी काय म्हणू? पावडर जास्त लागलीये?"

"अगं, देवाला खरवडायचं?"

"देव आत आहे ना? मग वरचं काढायला कसली भीती! उद्या पोर बसणार आहे त्यात."

"आई, रिलॅक्स," इरावती गाडीखालून म्हणाली. "बाबांचा मंकी गॉड आहे ना, इट्स फाइन." मग ती बाहेर सरकली. "बाबा... यू से. स्क्रेप करू का?"

मोबाइलवर कीर्तनाचा गजर रंगात आला होता. काकांनी तो बंद केला.

"कर."

थर सोलून निघाले. जोडापाशी केसासारखी चीर होती, नळीच्या अर्ध्या घेरापर्यंत गेलेली. उद्या सुटताना मी तुटलो असतो, तर माझे टोक जमिनीत रुतून गाडी उलटली असती. सांगायला माझ्याजवळ तेवढा एक बद्द आवाज होता.

काका फरशीवरच बसले. "मारुती सांगत होता गं," ते म्हणाले, "आणि मीच त्याचं तोंड बुजवलं."

"उठा," काकू म्हणाल्या, "चहा निवतोय." त्यांचाही आवाज बरोबर नव्हता.

आता मी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला आहे. मित्रांनो, तुमच्या सायकलीला, आईच्या मिक्सरला, कशालाही हार जरूर घाला. पण आधी पुसून घ्या, ठोकून ऐका. न बोलणाऱ्याचे ऐकणे हीसुद्धा पूजाच.

शनिवारी शर्यत झाली. आमची गाडी गेली नाही. इरावती नुसती बघायला गेली होती. संध्याकाळी ती परतली आणि गॅरेजच्या दारात तिने जँडल्स, म्हणजे रबरी चपला, भिरकावल्या. एक सुलटी पडली, एक पालथी. पालथे झाले ते एवढेच. काकू आतून ओरडल्या, "नीट ठेव गं त्या!"

मला काही वाटले नाही, असे सांगणार होतो.