चिनी काशाची पंगत

आमच्या ह्यांना चिनी भांड्यांचं खूळ कसं लागलं, हे लोक मले अजूनही विचारतात. वणीत वकिली करणारा माणूस, जमिनीच्या अन् धुऱ्या-बांधाच्या भांडणांत गळ्यापर्यंत बुडालेला, त्यानं चीनची मडकी कायले गोळा करावी? मी म्हणते, त्यायलेच विचारा ना. ते काही सांगत नाहीत.

मले माहीत आहे. छप्पन साली आमची सुनीती गेली. सहा वर्षांची होती, विषमज्वर झाला अन् अकराव्या दिवशी गेली. मी रडली, भिंतीवर डोकं आपटलं, सगळी आळी गोळा केली. हे, मधुसूदनराव, रडले नाहीत. त्या दिवसापासून त्यायनं तिचं नावही कधी तोंडातून काढलं नाही. दोन महिन्यांनी एका पारशी जिनिंगवाल्याच्या बंगल्यातलं सामान लिलावात निघालं. त्याच्या आज्यानं म्हणे चीनशी व्यापार केलता. हे सहज पाहायले म्हणून गेले अन् निळ्या नक्षीचा एक वाडगा घेऊन आले. संध्याकाळभर तो मांडीवर घेऊन बसले, लेकराले घ्यावं तसा. मले तेव्हा त्यायचा इतका राग आला, की तो वाडगा घेऊन विहिरीत टाकावा असं वाटलं.

मंग काय, कलकत्त्याच्या एका लिलावघराची छापील यादी टपालानं येऊ लागली. हे भिंग घेऊन त्यातले फोटो पाहत, टपालानंच बोली पाठवत. कधी बोली लागे, कधी हुके. लागली की वणी स्टेशनावर गवतात बांधलेली पेटी येई, अन् खेमसिंग ती बैलगाडीतून घरी आणी. खेमसिंग मारेगावकडच्या तांड्यावरचा. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरायचे. हा शेती करे, अन् काम नसलं की भाड्यानं गाडी जुंपे. त्याच्या हातून कधी एक बशी फुटली नाही, हे मात्र खरं. बैठकीत कपाटंच्या कपाटं भरली. वाडगे, बशा, सुरया, अन् एकातही चहा प्यायची सोय नाही!

एकोणसाठच्या पावसाळ्यात एक जड पेटी आली. उघडली तर आत हिरवं, किटलेलं, तीन पायांचं अन् दोन कानांचं भांडं.

"हे काय ध्यान?" मी म्हटलं. "इतक्या लांबून बुरशी आणली?"

"बुरशी नाही, कुंदा. काशाचं आहे. दोन हजार वर्षांचं," हे म्हणाले. आवाज कसा देवळात बोलल्यासारखा. "यात अन्न शिजवून ते लोक आपल्या पितरांना वाढायचे. आत बघ, अक्षरं आहेत. घराण्याचं नाव असेल."

"अन् ते घराणं आता कुठं आहे?"

"कोण जाणे. केव्हाच बुडालं असेल."

"मंग त्यायच्या पितरांले आता कोण वाढते?"

हे हसले. मले हसू आलं नाही. मंग त्यायनं बजावलं, की या भांड्याले चिंच, राख, काही लागता कामा नये, तो हिरवा रंगच त्याचं वय आहे. मी म्हटलं, मले कुठं वेळ आहे तुमची बुरशी घासायले.

पण ते माझ्याच हातून झालं. आमच्याकडे पितृपक्षात लहान लेकरांचं पान त्रयोदशीले असते. त्या दिवशी मी सुनीतीच्या नावानं खीर करते, पत्रावळीवर घालून परसातल्या भिंतीवर ठेवते अन् कावळ्याची वाट पाहते. दर वर्षी मी पाठ फिरवायच्या आत कावळा शिवायचा. तेवढाच तिचा निरोप मले मिळे. बाकी तिचं काय उरलं होतं माझ्यापाशी?

त्या वर्षी कल्हईवाला फिरकलाच नाही. पितळी पातेल्याची कल्हई पार उडालेली, दूध टाकलं की कळकणार. ॲल्युमिनियमचं पातेलं होतं, पण ते पानाले चालत नाही. हे तारखेसाठी पांढरकवड्याले गेलते. मी बैठकीत गेली अन् ते तीन पायांचं ध्यान दिसलं. मनात आलं, अरे, हे तर काशाचं! काशाले कल्हई लागत नाही, पानाले चालते, अन् पितरांचंच भांडं. यापरीस सोवळं काय असणार? चिंच लावली, राख लावली, काथ्यानं तासभर घासलं. काय लखलखलं म्हणून सांगू! निखाऱ्यांवर तर असं बसलं, जशी त्याची जागाच ती. मी तांदूळ धुतले, दूध ओतलं, अन् ढवळताना मोठ्यानं म्हटलं, "सुनीती, तुझ्या नावानं गं बाई."

पान भिंतीवर ठेवलं. कावळे आले. एक, दोन, पाच, छपराच्या कवेलूवर ओळीनं बसले अन् पत्रावळीकडे पाहत राह्यले. कोणी खाली उतरेना. मी दर्भ हलवला, हात जोडले. "तुझ्या बाहुलीचं लग्न लावीन," म्हटलं. "तुझे कपडे कोणाले देणार नाही," म्हटलं. ऊन कललं तरी कावळे तसेच. शेवटी पान गाईले घातलं अन् रडत रडत घरात आली.

घरात भांडं रिकामं होतं.

मी त्यातून एकच पळी काढली होती. घरात दुसरं कोणी नाही, दार लावलेलं, मांजर आम्ही पाळत नाही. आत एक शीत नव्हतं. तळाशी बोटांनी पुसून खाल्ल्याचे माग होते, लांब लांब बोटांचे. निखारे विझून राख झालते, अन् भांडं हाताले कोमट लागत होतं.

हे आले, त्यायनं ते चकचकीत भांडं पाह्यलं अन् मटकन खाली बसले. "काय केलंस हे, कुंदा? दोन हजार वर्षं घासून टाकलीस!" डोळ्यांत पाणी. माझं टाळकंच सरकलं. पोटच्या पोरीसाठी ज्याच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही, तो माणूस भांड्यासाठी रडून राह्यला! मी तसं तोंडावर म्हटलं. मंग आठ दिवस आमच्या घरात कोणी कोणाशी बोललं नाही.

त्या मौनातच ते सुरू झालं. भर दुपारी, उन्हं अंगणात असताना, बैठकीतून आवाज येई. फार नाही. एखादी बशी जमिनीवर सरकल्यासारखी, कोणी ओठ मिटून चावल्यासारखा. दार उघडलं की काही नाही, फक्त मोहाच्या दारूसारखा आंबूस वास. दोघांपुरता भात टाकला तर एकालाही पुरेना. पोळ्या मोजून डब्यात ठेवाव्या अन् जेवायले बसावं तर दोन कमी. मी म्हटलं, कुंदे, तुले वेड लागून राह्यलं. पण भांड्याले हात लावला की ते कोमटच असे.

मी मौन सोडलं. "ते घरातून काढा," म्हटलं. हे लगेच कबूल झाले, घासल्यामुळं त्यायचं मनच उडालं होतं. कलकत्त्याले परत लिलावाले पाठवायचं ठरलं. पत्रं जाऊन येईस्तोवर दिवाळी तोंडावर आलती. पेटीत गवत भरलं, भांडं ठेवलं, खिळे ठोकले, अन् खेमसिंग गाडी घेऊन आला. बाजार करायचा म्हणून त्याची म्हातारी आई मानीबाई संगं आलती. ती पाणी मागायले पायरीवर आली अन् तिथंच थांबली. डोक्यावरची ओढणी पुढं ओढली.

"बाई, पाव्हणे हायेत का घरात?"

"नाही बा. कोण पाव्हणे?"

"मंग हे बैठकीत कोन बसले?" तिची नजर माझ्या मागं होती. "दहा-बारा मानसं हायेत. म्हातारे. लंब्या बाह्यायचे कपडे. गुडघे मोडून बसले अन् खाऊन राह्यले."

मी मागं वळून पाह्यलं. रिकामी बैठक, कपाटं, ऊन.

"एक पोरगी त्यायले वाढून राह्यली," मानीबाई हळूच म्हणाली. "लहान हाये. लई थकली बिचारी. डाव्या हातानं वाढते."

सुनीती डावखुरी होती. डाव्या हातानं वाढू नये म्हणून मीच तिच्या हातावर चापटा मारायची. खेमसिंगची गाडी आमच्या दारी यायले लागली ती पोर गेल्यावर. मानीबाईनं तिले कधी पाह्यलं नव्हतं, अन् हे तिले कोणी सांगतलंही नव्हतं.

"तिच्यासमोर पान आहे का?" मी विचारलं.

"वाढनारीले कुठचं पान? पंगत उठल्यावर जेवते वाढनारी. अन् हे काय उठते? हजार सालाचे भुकेजले हायेत." मंग तिनं माझ्याकडे पाह्यलं. "कोनाच्या नावानं शिजवलं होतं, बाई?"

"तिच्याच."

"मंग पळी तुमीच देल्ली तिच्या हातात."

म्हणजे माझी पोर इतके दिवस माझ्याच घरात होती, उपाशी, अन् मी डब्यातल्या पोळ्या मोजत बसली होती!

हे कोट घालून बाहेर आले. "चला, गाडी चुकेल. खेमसिंग, पेटी उचल."

"उचलू नको," मानीबाई पोराले म्हणाली. मंग मले, "भांडं गेलं त पोरगीबी जाईन त्यायच्या मागं मागं. कलकत्ता का कुठं, तिथं."

खेमसिंगनं पेटीवरचा हात काढला. "याडी म्हंते त खरं असंन, वकीलसाहेब," तो आईकडे पाहून म्हणाला अन् गाडीपाशी जाऊन उभा राह्यला. हे संतापले, स्वतः पेटी उचलायले वाकले. मी पेटीवर बसली.

"कुंदा, उठ. लोक बघताहेत."

"बघू द्या. पाठवायचंच असंन तर माझ्यासकट पाठवा!" अन् मानीबाईले विचारलं, "तिले सोडवायचं कसं?"

म्हातारी पायरीवर टेकली. मंग म्हणाली, "दुसरी वाढनारी उभी झाली, त पोरगी जेवाले बसन. जेवली की सुटन."

"अन् ती दुसरी?"

"तिले मंग सुटका नाही, बाई. जित्तेपनी नाही अन् मेल्यावरबी नाही. त्यायचं पोट कधी भरत नाही."

मी उठली अन् अडकित्त्यानं खिळे उपटले. हे काय काय बोलत होते, माझ्या कानात काही शिरलं नाही. निखारे काढले, भांडं ठेवलं, दूध ओतलं. ढवळताना या वेळी माझंच नाव घेतलं. बैठकीत बारा पत्रावळी मांडल्या, अन् तेरावी लहानशी, दाराजवळ. तिथं पाटही ठेवला, तिचा, मोराचं चित्र असलेला.

आत शिरली अन् वास आला, तोच आंबूस. पहिल्या पानावर खीर घातली. पळी परत भांड्यात बुडवली तोवर पान कोरडं झालतं. दुसरं पान, तिसरं. कोणी दिसत नव्हतं, पण वाकली की गालाले थंड श्वास लागे, एकदा इकडून, एकदा तिकडून. बाराव्या पानापर्यंत मी कशी पोचली ते देवाले ठाऊक.

मंग दाराजवळच्या पानावर दोन पळ्या घातल्या, वरून तूप सोडलं, अन् म्हटलं, "बैस गं माय. आता मी वाढते. डाव्या हातानं खा, कोणी मारत नाही."

आधी काहीच झालं नाही. मंग खिरीची कड डाव्या बाजूनं हलली. थोडी कमी झाली. मंग अजून थोडी. घाई नव्हती, खाताना ती नेहमीच अशी रेंगाळायची. शेवटचं शीत गेलं तेव्हा परसात कावळा ओरडला. बैठकीत शिरायच्या आधी मी भिंतीवरही एक पान ठेवलं होतं. हे उंबऱ्यात उभे होते, तिथून त्यायले ती भिंत दिसत होती.

"शिवला," हे म्हणाले. मंग तोंड वेडंवाकडं झालं. "कुंदा, सुनीती जेवली का गं?"

तीन वर्षांनी त्या माणसाच्या तोंडून तिचं नाव निघालं. "जेवली," मी म्हटलं. ते चौकटीले धरून खाली बसले अन् ओक्साबोक्शी रडले. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. वाटलं, जाऊन त्यायच्यापाशी बसावं. पण हातातली पळी खाली ठेववेना. समोर बारा पानं कोरडी पडली होती, अन् सगळी बैठक माझी वाट पाहत होती.

ते डोळे पुसत उठले, आत आले. "तू थकलीस. आण ती पळी इकडे, मी वाढतो थोडा वेळ." जन्मात त्यायनं कोणाले पाणी वाढलं नव्हतं. हात पुढं केला.

"हात लावू नका!" मी अशी ओरडली, की ते दोन पावलं मागं सरले. "घरातलं एक माणूस पुरे आहे."

अन् मी पहिल्या पानापासून पुन्हा वाढायले लागली.