निमिषला बाहेर जा म्हणायला हवं होतं

वकिलांची सनद सांभाळणाऱ्या आमच्या लॉ सोसायटीचं पत्रक दर दोन महिन्यांनी येतं आणि कॅनडातल्या सस्काटूनमधले आम्ही वकील ते मागून वाचायला घेतो. शेवटच्या पानावर कुणावर कारवाई झाली ते असतं. दुसऱ्याची फजिती कुणाला नको असते? २००८ च्या एप्रिलमध्ये त्या पानावर ओळखीचं कुणी नव्हतं, म्हणून मी उलटं चाळत मधल्या पानावर आले. तिथे वकिलांसाठी सूचना असतात. त्या मी कधीच वाचत नसे. वीस वर्षं वकिली केलेल्या बाईला कोण काय शिकवणार, असा माझा तोरा.

सूचना साधी होती. म्हातारे आईवडील मुलाच्या नावावर घर करून देत असतील तर त्यांना एकटं भेटा. मुलाला खोलीबाहेर पाठवा. आपण काय देतोय ते त्यांच्या तोंडून, त्यांच्या शब्दांत ऐका, मगच 'यांना समजावून सांगितलं' या दाखल्यावर सही करा.

जानेवारीत मी सुरेखाकाकूंच्या घरासाठी असाच दाखला दिला होता.

सुरेखाकाकू आमच्या मराठी मंडळातल्या सगळ्यात जुन्या. त्यांचे यजमान हेमचंद्र इथल्या खाणीत इंजिनियर होते, ते आदल्या वर्षी गेले. मुलगा निमिष सॉफ्टवेअरमध्ये, आईबरोबर राहणारा. त्याचा फोन आला, "उल्काताई, आई बर्फात बाहेर पडत नाही. तुम्हीच घरी याल का? फक्त साइन करायचंय."

मी गेले. संक्रांतीचे दिवस, काकूंनी गूळपोळ्या केल्या होत्या. निमिष टेबलाशीच बसला. मी कागद मराठीत समजावायला लागले, तर तो मध्येच म्हणाला, "आई, मी एक्सप्लेन केलंय ना तुला सगळं?" काकू म्हणाल्या, "तो म्हणेल तसं." आपल्याकडे आया असंच बोलतात, मी तो होकार धरला. 'जरा बाहेर जातोस का' हे शब्द जिभेवर आले होते. पण त्याच्याच घरात, त्याच्या आईसमोर, त्यांची पोळी तोंडात असताना? बरं दिसलं नसतं. मी सही केली. मी या बाईंना मुलापासून वेगळं, एकटं भेटले, असं दाखल्यावर छापलेलं होतं. ते खोटं होतं आणि खाली माझी सही होती.

पत्रक टेबलावर टाकून मी तशीच काकूंकडे निघाले. दुपार होती, निमिष ऑफिसात असणार. दारापुढे घर विकायची पाटी आणि तिच्यावर आडवं चिकटवलेलं 'सोल्ड'.

काकूंनी दार उघडलं. हॉलमध्ये खोकी रचलेली होती.

"निमिषला व्हँकुव्हरला जॉब लागला ना," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी चाव्या द्यायच्यात."

"आणि तुम्ही?"

"तिथला कॉन्डो लहान आहे म्हणे. मला पार दुसऱ्या टोकाला, ब्रॉसार्डला रचनाकडे ठेवणार आहे. लेकीला विचारलंय की नाही, देव जाणे."

आम्ही स्वयंपाकघरात बसलो. जानेवारीत कशावर सही केलीत ते आठवतंय का, असं मी विचारलं.

"ह्यांच्या जागी निमिषचं नाव घालायचं होतं ना? माझ्या नावाशेजारी."

"तुमचं नाव राहिलंच नाही, काकू. घर सगळं त्याचं झालं."

काकू म्हणाल्या, "पण तू होतीस की समोर. आपली उल्का आहे म्हणून मी चष्मासुद्धा लावला नाही."

शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. मला रडू आलं आणि रडायचा मला काही हक्क नाही हेही कळत होतं. मी त्यांना सरळ सांगितलं. दाखला खोटा आहे असं मी लिहून दिलं, तर शुक्रवारच्या आत कोर्टातून हा व्यवहार थांबू शकेल. नाहीतर घर गेलंच.

"मग तुला काही होईल?"

"माझं लायसन्स जाऊ शकतं."

"मग नको बाई. राहू दे."

त्या चहाचं आधण ठेवायला उठल्या आणि मला सुटल्यासारखं वाटलं. क्षणभरच वाटलं, पण वाटलं, आणि त्याची लाज मला आजही आहे. घरावर पाणी सोडायचं की नाही, हे काकूंनी ठरवायचं होतं. माझं खोटं पोटात घालणं त्यांच्या हातात नव्हतं.

मी तिथूनच लॉ सोसायटीच्या सल्लागारांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. आजच्या आज लेखी द्या, वकिलांच्या चुकांची भरपाई देणाऱ्या विमा कंपनीला कळवा, म्हणाल्या. आणि या बाईंना आता तुम्ही एका शब्दाचाही सल्ला देऊ नका. त्यांना दुसरा वकील हवा, तोही आजच.

मी फोन ठेवला. एका वकीलबाईंचं नाव आणि नंबर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून काकूंपुढे ठेवला. यांना आत्ता फोन करा, मी आता तुमच्या कामात राहू शकत नाही, म्हणाले.

काकूंनी या वेळी चष्मा शोधून डोळ्यांवर चढवला आणि नाव वाचलं. "ही गोरी दिसते. माझं इंग्लिश ग्रोसरीपुरतं. मी बोलणार कशी हिच्याशी?"

"त्या दुभाषी बोलावतील. आपल्यातलं कुणी नसेल, बाहेरचं माणूस असेल."

काकूंनी कागदाची घडी घातली आणि गॅस बंद केला.

"बाहेरचंच बरं," त्या म्हणाल्या.